पुरातत्त्वाच्या व्याख्यानांना नव्याने जाणाऱ्यांसाठी: तारखांपाशी थांबा

डेक्कन कॉलेजातल्या किंवा मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागातल्या पुरातत्त्वाच्या व्याख्यानांना नव्याने जाणारी मुलं मला फिरून फिरून एकच विचारतात, "ताई, निम्मं डोक्यावरून जातं. जात राहू का?" जात राहा. सुरुवातीला सगळ्यांचंच डोक्यावरून जातं. मी वाणिज्य शाखेतून आले. ताम्रपाषाण, सूक्ष्मास्त्रं, स्तररचना हे शब्द कानाला सरावेपर्यंत सभागृहात परक्यासारखं वाटायचं आणि त्या वाटण्याची आठवण अजून ताजी आहे. पण शब्द आपोआप रुळतात. खरी अडचण पुढे आहे आणि तिच्याबद्दल कुणी सावध करत नाही.

आधी एक स्पष्ट सांगते. नामवंत वक्त्याचं जाहीर व्याख्यान आणि विभागातला शोधछात्रांचा सेमिनार यांतलं एकच जमणार असेल, तर सेमिनारला जा. जाहीर व्याख्यानात सगळं गुळगुळीत करून सांगावं लागतं, तिथला श्रोताच तसा असतो. सेमिनारमध्ये पंधरा मिनिटांच्या निबंधावर प्राध्यापक अर्धा तास उलटतपासणी घेतात. "हे खापर कुठल्या थरातलं? शेजारी खड्डा होता का?" हे प्रश्न कसे विचारले जातात ते ऐकणं म्हणजेच निम्मं शिक्षण.

आता ती अडचण. तारखा.

नवी मुलं व्याख्यानातले आकडे उतरवून घेतात आणि घरी जाऊन वेगवेगळ्या व्याख्यानांतले आकडे एका तक्त्यात मांडतात. मीही तेच करायचे आणि माझा तक्ता काही केल्या जुळत नसे. त्या आकड्यांची जातच वेगळी असते, हे कळायला मला फार उशीर लागला.

नीट बघा. कार्बन-१४ म्हणजे सजीवांच्या अवशेषांत ठरावीक वेगाने घटत जाणारा कार्बन; तो किती उरला यावरून वय काढतात. कार्बन-१४ च्या प्रयोगशाळेतून वय येतं ते 'बीपी'मध्ये, म्हणजे 'आजपासून इतकी वर्षं आधी'. पण यातलं 'आज' १९५० सालावर कायमचं थांबवलेलं आहे. त्यामुळे ३००० बीपी ऐकलं की आपण लगेच ३००० मधून १९५० वजा करतो आणि लिहितो, इ.स.पू. १०५०. हे उत्तर चूक आहे. हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण सगळ्या काळात सारखं नव्हतं. म्हणून प्रयोगशाळेचं वय झाडांच्या वर्षवलयांवरून बांधलेल्या आलेखाशी ताडून घ्यावं लागतं. त्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. ताडून घेतलं की ३००० बीपी इ.स.पू. १२५० च्या आसपास जातं. ४००० बीपीचं वजाबाकीने २०५० येतं, ताडून मात्र साधारण २५००. साडेचारशे वर्षांचा फरक पडला!

हा फरक किरकोळ समजू नका. इनामगावचंच घ्या. घोड नदीच्या काठची ही वस्ती, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८२ या काळात खणलेली. तिथे जोर्वे या ताम्रपाषाण (तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या) संस्कृतीचा पूर्व, म्हणजे आधीचा, काळ इ.स.पू. १४०० ते १००० आणि उत्तर, म्हणजे नंतरचा, १००० ते ७०० असा दिला जातो. यात दोनशे वर्षं सरकली तर पाचखणी घर आणि धान्यकोठार असलेली भरभराटीची वस्ती आणि नंतरच्या पडत्या काळातल्या गोल झोपड्या यांची सांगड भलत्याच कुठल्या तरी स्थळाशी बसते. त्यावरून दुष्काळाबद्दल, स्थलांतराबद्दल जे काही तुम्ही लिहाल ते सगळं त्या दोनशे वर्षांसकट कोसळतं.

साठ-सत्तरच्या दशकातल्या लेखांत बऱ्याचदा न ताडलेले आकडे असतात, आजच्या शोधनिबंधांत ताडलेले. एकाच व्याख्यानात एक स्लाइड जुन्या अहवालातली आणि पुढची नव्या निबंधातली असते. वक्त्याला ते पाठ असतं, म्हणून तो बोलत नाही. त्यात कार्बन-१४ चा अर्धायू (तो निम्मा व्हायला लागणारा काळ) ५५६८ वर्षं धरला की ५७३०, यानेही तीन हजार वर्षांमागे नव्वदेक वर्षं हलतात.

विदर्भात रस असलेल्यांनी तर दुप्पट सावध राहावं. नायकुंड, माहुरझरी इथली लोहयुगीन शिळावर्तुळं (दगडांच्या वर्तुळांतली दफनं) ज्या काळात पडतात, नेमका तिथेच, म्हणजे इ.स.पू. ८०० ते ४०० च्या दरम्यान, तो आलेख जवळजवळ सपाट होतो. एकच प्रयोगशाळेचं वय या चारशे वर्षांत कुठेही बसू शकतं. तेव्हा कुणी निव्वळ कार्बनच्या आधारावर "इ.स.पू. ५५०" असं ठामपणे म्हणालं, तर वहीत प्रश्नचिन्ह काढा. नमुना कशाचा होता तेही विचारा. घराच्या खांबाचा कोळसा असेल तर झाड घर बांधण्याच्या कितीतरी आधीचं असू शकतं. जळलेले जवाचे दाणे असतील तर ते एकाच हंगामातले, म्हणून जास्त भरवशाचे.

घाबरू नका. एवढंच करायचं: आकडा लिहिला की त्याच्यापुढे बीपी की इ.स.पू., ताडलेला की नाही, नमुना कशाचा आणि थर कोणता, हे लिहायचं. माहीत नसेल ती जागा रिकामी ठेवायची. ती रिकामी जागा हाच तुमचा प्रश्नोत्तरांतला प्रश्न. "सर, हा काळ कॅलिब्रेट केलेला आहे का?" असं मराठीत विचारलंत तरी चालतं. इंग्रजी येत नाही म्हणून गप्प बसणारी हुशार मुलं पाहिली की मला फार वाईट वाटतं.

थराचं महत्त्व समजून घ्यायचं तर नगर जिल्ह्यातल्या दायमाबाद या ताम्रपाषाण स्थळाबद्दल ऐका. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल यांना झाडाचं मूळ खणताना ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. (त्यांचं नाव व्याख्यानात घेतलं गेलंच पाहिजे असं माझं मत आहे.) त्या वस्तू थेट उत्खननातून आल्या नाहीत, म्हणून उत्तर हडप्पा काळाचं मत मांडलं गेलं तरी त्यांच्या काळाबद्दलचा वाद टिकून राहिला. इतक्या देखण्या वस्तू, आणि अडतं थरापाशी.

हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळावर व्याख्यान असेल तर प्रश्नोत्तरं हमखास आर्यांच्या वादात जातात. तिथल्या सांगाड्याच्या डीएनएवरचा २०१९ चा निबंध एकाच व्यक्तीच्या जनुकसंचावर आधारलेला आहे, एवढं लक्षात ठेवून शांत बसा आणि आपला प्रश्न मडक्यांबद्दल, घरांबद्दल विचारा. उत्तरं जास्त चांगली मिळतात.

स्लाइडचे फोटो काढणं सोडा. फोटो काढला की कान बंद होतात. प्रमाणपत्रासाठी चर्चासत्रं गोळा करत हिंडणं तर सरळ वेळेची नासाडी आहे. आणि मार्गदर्शक निवडताना एकच पाहा, ते तुमच्या हातात खापर देतात का. जोर्वेचं तांबडं, काळ्या नक्षीचं खापर नखाने टिचकी मारून पाहिलं की धातूसारखा खणखणीत आवाज येतो. फुटलेल्या कडेचा पोत, तोटी जोडलेल्या जागी आतून राहिलेले बोटांचे ठसे, हे कुठल्याही स्लाइडमध्ये दिसत नाही. "आधी दहा पुस्तकं वाचून ये" म्हणणाऱ्यापेक्षा "शनिवारी ये, खापरं धुवायची आहेत" म्हणणारा माणूस धरा.

थंडीत बरेचसे लोक उत्खननावर असतात, तेव्हा विभाग ओस दिसला तर निराश होऊ नका. त्या दिवसांत पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या 'इंडियन आर्किऑलॉजी: अ रिव्ह्यू'चे जुने वार्षिक अंक काढा आणि पुढच्या व्याख्यानाच्या स्थळावरची दोन पानं वाचून ठेवा. चर्चासत्र संपलं की चहाला थांबा. शोधछात्र तिथेच उभे असतात, आणि कॅलिब्रेशनचा प्रोग्राम लॅपटॉपवर उघडून दाखवा म्हटलं की बहुतेक जण आनंदाने दाखवतात. ३००० बीपी त्यात स्वतः टाकून बघा.