ब्रिटनचं राजकारण कसं समजून घ्यावं

ब्रिटनचं राजकारण समजून घ्यायचं म्हटलं की बहुतेक जण राजवाड्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. राजा तूर्त बाजूला ठेवा. संसदेने मंजूर केलेल्या विधेयकाला संमती नाकारली गेली ती शेवटची 1708 मध्ये, राणी ॲनच्या काळात. खरी सूत्रं आहेत हाउस ऑफ कॉमन्स या लोकांनी निवडलेल्या कनिष्ठ सभागृहातल्या संख्याबळाकडे.

आधी संख्याबळ मोजा

कॉमन्समध्ये 650 जागा, म्हणजे कागदावर बहुमत 326 चं. प्रत्यक्षात थोडं कमी पुरतं. सभापती आणि तीन उपसभापती मतदान करत नाहीत, शिवाय उत्तर आयर्लंडमधल्या शिन फेन पक्षाचे खासदार (2024 मध्ये 7) सभागृहात बसतच नाहीत. त्यामुळे 320 च्या आसपास सरकार तरतं.

मतांची टक्केवारी आणि जागा यांची गल्लत करू नका. आपल्यासारखंच तिथेही मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी. 4 जुलै 2024 च्या निवडणुकीत लेबरला सुमारे 34 टक्के मतांवर 411 जागा मिळाल्या. रिफॉर्म यूकेला 14 टक्के मतं, पण जागा 5; लिबरल डेमोक्रॅट्सना 12 टक्के आणि जागा 72. रिफॉर्मची मतं देशभर विखुरली होती, लिबरल डेमोक्रॅट्सची ठरावीक मतदारसंघांत एकवटली होती.

पंतप्रधान बदलला, निवडणूक कुठे?

लोक खासदार निवडतात, पंतप्रधान नाही. सत्ताधारी पक्षाने नेता बदलला की पंतप्रधानही बदलतो. 2022 मध्ये जॉन्सन, ट्रस आणि सुनक असे तीन पंतप्रधान झाले, सार्वत्रिक निवडणूक एकही झाली नाही. म्हणून पक्षांतर्गत नेतानिवडीच्या बातम्या दुय्यम समजू नका.

एक विधेयक धरून ठेवा

संस्थांची यादी पाठ करण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी चांगला. संसदेच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधेयकाचं पान असतं. आवडीचा एक विषय निवडा आणि दर आठवड्याला ते पान उघडा. पहिल्या वाचनात फक्त शीर्षक वाचलं जातं, चर्चा होत नाही. दुसऱ्या वाचनात तत्त्वावर चर्चा आणि बहुधा पहिलं मतदान. मग समिती कलम न् कलम तपासते, त्यानंतर अहवालाचा टप्पा आणि तिसरं वाचन. पुढे हाउस ऑफ लॉर्ड्स या वरिष्ठ सभागृहात हाच फेरा पुन्हा, आणि शेवटी राजाची संमती. लॉर्ड्स सभागृह कॉमन्सचं विधेयक साधारण वर्षभर अडवू शकतं, अर्थविषयक असेल तर फक्त महिनाभर.

नवखे लोक दुसऱ्या वाचनानंतरच ‘कायदा झाला’ असं धरून चालतात. असाध्य आजाराच्या रुग्णाला मृत्यूसाठी मदत देण्याचं विधेयक पाहा. 29 नोव्हेंबर 2024 ला दुसऱ्या वाचनात ते 330 विरुद्ध 275 ने पुढे गेलं, 20 जून 2025 ला तिसऱ्या वाचनात 314 विरुद्ध 291 ने. आघाडी 55 वरून 23 वर आली आणि लॉर्ड्सचा टप्पा तेव्हाही बाकीच होता.

व्हीप म्हणजे आपला व्हीप नव्हे

मतदानाची घंटा वाजली की खासदारांकडे आठ मिनिटं असतात. मग दारं बंद. ‘हो’ म्हणणारे एका लॉबीतून जातात, ‘नाही’ म्हणणारे दुसऱ्या. मत महत्त्वाचं असेल तर पक्षादेशाखाली, म्हणजे व्हीपखाली, तीन रेघा मारलेल्या असतात. मराठी वाचकाची सर्वात मोठी चूक इथे होते. आपल्याकडे राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीमुळे (पक्षांतरबंदी) व्हीप मोडणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं; तिथे तसा कायदाच नाही. सप्टेंबर 2019 मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने 21 बंडखोरांना संसदीय गटाबाहेर काढलं, तरी ते खासदार राहिलेच. पक्ष बदलणाऱ्यालाही पुन्हा निवडून यावं लागत नाही. म्हणूनच मोठं बहुमत असलेलं सरकारसुद्धा स्वतःच्या मागच्या बाकांवरच्या, मंत्रिपद नसलेल्या खासदारांना घाबरून असतं.

बुधवारी दुपारी 12 ला पंतप्रधानांना प्रश्न विचारले जातात (भारतात हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार). अवश्य पाहा, पण निर्णय तिथे होत नाहीत. मंत्र्यांना आकडे विचारणाऱ्या खासदारांच्या निवड समित्यांच्या (सिलेक्ट कमिटी) बैठका जास्त शिकवतात.

बातमी नेमकी कुठली?

आरोग्य आणि शिक्षण हे विषय स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तिथल्या सरकारांकडे आहेत. लंडनच्या आरोग्यमंत्र्याची रुग्णालयांबद्दलची घोषणा बहुतेक वेळा फक्त इंग्लंडपुरती असते.

तिथे राहत असाल तर

भारतीय पासपोर्टवर कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रौढांना राष्ट्रकुल नागरिक म्हणून सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येतं, हे अनेकांना ठाऊकच नसतं. नाव आपोआप यादीत येईल असं धरू नका. मतदानाच्या 12 कामकाजी दिवस आधीपर्यंत सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करा; नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (तिथला सामाजिक विम्याचा क्रमांक) हाताशी ठेवा. केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो. फक्त नाव जुळवून पाहा: पासपोर्टवर माहेरचं आणि यादीत सासरचं असेल, तर लग्नाचा दाखला सोबत ठेवा.