डांबरी रोडवर सायकल जड जाते? आधी टायर बघा

आपल्याकडं सायकल घ्यायची म्हणलं की एमटीबीच, म्हणजे डोंगरात चालवायची माउंटन बाइक, जाड बटणांचं टायर, पुढं शॉकअप, दिसायला लई भारी, आणि मग संभाजीनगरहून दौलताबादला जाऊन यायचं म्हणलं की मांड्या भरून येतात. मी पण दोन वर्षं स्वतःच्या पायांनाच शिव्या घालत होतो राव.

होतं काय, टायर रोडला टेकतं तिथं रबर दबतं, पुढं सरकलं की परत मूळ आकारात येतं, आणि या दबण्या-सुटण्यात तुमची थोडी ताकद उष्णता होऊन वाया जाते. बटणं असली की ती एकेक करून वाकतात, डांबरीवर तो घुंऽऽ आवाज येतो ना तो त्यांचाच. म्हणून रोडसाठी गुळगुळीत टायर घ्या. पावसात घसरेल ही भीती सोडा, सायकलच्या वेगाला टायर पाण्यावर तरंगत नाही, पकड रबराची असते, नक्षीची नाही.

साइज बघताना टायरच्या बाजूला 54-559 असं काहीतरी छापलेलं असतं ते वाचा. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा रिमच्या व्यासाचा, तो तुमच्या रिमशी जुळलाच पाहिजे. 559 म्हणजे 26 इंची, 622 म्हणजे 700सी आणि 29 इंची पण. 26 ला 1.5 इंची स्लिक, म्हणजे गुळगुळीत टायर, मस्त बसतं, 622 ला 28 ते 35 मिलिमीटर रुंदीचं. दुकानदार म्हणेल बारीक घ्या, फास्ट पळेल. ऐकू नका. सारख्याच हवेत रुंद टायर उलट कमी दबतं, रेसवाले पण 23 वरून 28 वर आलेत, आणि आपल्या ठिगळं लावलेल्या रोडवर बारीक कडक टायर नुसतं उड्या मारतं, ते हादरे तुमचं अंग झेलतं आणि स्पीड तिथंच जातो.

हवा अंगठ्यानं दाबून बघू नका, गेजवाला पंप घ्या. वजन सत्तरच्या आसपास असेल तर 35 च्या टायरला 50-55, 28 ला 75-80 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप), मागं पुढच्यापेक्षा चार-पाच जास्त, टायरवर लिहिलेल्या लिमिटच्या आत. मे महिन्यात सायकल उन्हात लावत असाल तर लिमिटला टेकवूच नका, तापलं की प्रेशर चढतं.

खात्री करायचीय? सकाळी वारा नसताना कॉलनीतल्या रिकाम्या उतारावरून पायडल न मारता सोडा, थांबेल तिथं खडूनं रेघ मारा, 10 पीएसआय कमी-जास्त करून परत सोडा, बसायची पोज तीच ठेवा. हां, ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढं स्पीड गेला की खरी मारामारी वाऱ्याशी असते, तिथं टायर फार काही करत नाही.

आणि बाभळीचा काटा. एकदम हलकं रेसिंग टायर आपल्याकडं घेऊच नका, आत पंक्चरपट्टी असलेलं घ्या, जरा जड जातं पण चालतंय. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा, मोडलेलं टोक जिथं असेल तिथं कापूस अडकतो, नाहीतर नवी ट्यूब पण दहा मिनिटांत फुस्स.