जहाजावरच्या सामाईक लाँड्रीत खोळंबा टाळण्यासाठी

क्रूझवरच्या सामाईक लाँड्रीत मोजकीच यंत्रे असतात, आणि जहाज दिवसभर समुद्रात असले की तेथे रांग लागते. त्यातही खरा खोळंबा होतो तो धुणे संपूनही कपडे यंत्रातच पडून राहिल्यामुळे.

१. जहाज बंदराला लागल्यावर बरेच प्रवासी किनाऱ्यावर उतरतात. जमल्यास तीच वेळ निवडावी.

२. यंत्र सुरू करताच त्यावर दिसणारी उरलेली मिनिटे पाहून मोबाइलवर त्याच्या पाच मिनिटे आधीचा गजर लावावा. यंत्र थांबताना आपण तेथे हजर असणे, हा माझ्या मते या खोलीतला सर्वांत महत्त्वाचा शिष्टाचार आहे.

३. ड्रायर रिकामा केल्यावर जाळीवर साचलेला तंतूंचा मऊ, राखाडी थर बोटांनी सोलून काढावा. तो तसाच राहिल्यास पुढच्या माणसाचे कपडे वाळायला अधिक वेळ लागतो, शिवाय हे तंतू चटकन पेट घेतात.

४. दुसऱ्याचे कपडे थांबलेल्या यंत्रात दिसले, तर दहाएक मिनिटे वाट पाहावी आणि मगच ते स्वच्छ हातांनी काढून कोरड्या, पुसलेल्या जागी नीट ठेवावेत. मात्र मदत म्हणूनही ते ड्रायरमध्ये टाकू नयेत, कारण लोकरी किंवा सुती कपडा उष्णतेने आटला, तर तो पूर्ववत करता येत नाही.

लाँड्रीतली इस्त्री केबिनमध्ये कधीही नेऊ नये. आगीच्या धोक्यामुळे केबिनमध्ये इस्त्री वापरण्यास सहसा मनाई असते.