सोलरचं पाणी गरम येत नाही? पॅनेलला हात लावण्याआधी या चुका टाळा

सकाळी नळाला कोमट पाणी आलं की आपण ‘पॅनेल गेलं’ असं ठरवून मोकळे होतो. पण पाणी तापलंच नाही, की तापूनही नळापर्यंत गरम पोचलं नाही, हे आधी बघायला हवं. स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला खाली कुणाला तरी गरम नळ सोडायला सांगा आणि गच्चीवर टाकीतून निघणाऱ्या पाइपला जपून बोट लावा. चटका बसला तर पॅनेल ठीक आहे, घोळ पुढे आहे.

पुढचा घोळ बहुधा मिक्सरचा, म्हणजे गरम आणि थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाचा असतो. मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे ठेवून नुसतं हँड शॉवरचं बटण बंद करायची सवय असेल, किंवा आतला वायसर झिजला असेल, तर थंड पाणी गुपचूप गरम लाइनीत शिरतं. याची तपासणी फुकटात होते. ऊन चढण्याआधी सोलरच्या टाकीत थंड पाणी नेणारा व्हॉल्व बंद करा आणि सगळ्यात खालच्या बाथरूमचा गरम नळ उघडा. पाइपातलं पाणी थोडा वेळ वाहील, मग धार तुटायला हवी. तुटली नाही तर ते पाणी थंड लाइनीतून येतंय. आता एकेका मिक्सरखालचे कॉक बंद करत जा. ज्याच्यापाशी धार थांबेल तोच चोर. व्हॉल्व पुन्हा उघडायला मात्र विसरू नका.

गच्चीवरचा तो पाइप गारच असेल तर मग पॅनेलकडे वळा. काचेवरची धूळ आणि नव्याने वाढलेल्या झाडाची सावली आधी बघा. त्यानंतर संशय क्षारांवर. पाणी तापलं की त्यात विरघळलेला कॅल्शियम बाहेर पडून आत चिकटतो, म्हणून बोअरच्या जड पाण्यावर चालणारे सोलर लवकर मंदावतात. तांब्याच्या पाइपांच्या सपाट पॅनेलमध्ये तर हे पाइप बारीक असल्याने पाणी फिरणंच थांबतं. पॅनेल तापलेलं आणि टाकी गार, ही त्याची खूण. पण हीच खूण हवा अडकल्यावरही दिसते, विशेषतः टाकी नुकतीच रिकामी करून भरली असेल तर. पॅनेलकडून टाकीकडे जाणारा पाइप सलग चढता हवा. मध्ये झोळ पडला की तो हवा धरतो.

क्षार काढायला कुणी बाथरूमचं अ‍ॅसिड टाकीत ओतत असेल तर हात धरा. त्यातल्या क्लोराइडने स्टीलच्या टाकीला बारीक भोकं पडतात, आणि मग गळती थांबवत बसावं लागतं. टाकीला साजेसं रसायन वापरणाऱ्या माणसाकडूनच हे काम करून घ्या.

सपाट पॅनेलऐवजी काचेच्या ट्यूबांचं सोलर असेल तर त्यांची परीक्षा सोपी आहे. ट्यूबच्या टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत थर असतो. तो दुधी पांढरा झाला की आतली निर्वात पोकळी गेली, म्हणजे ती ट्यूब बदलायची. बाकीच्या चांगल्या असतील तर सगळा संच बदला म्हणणाऱ्याचं ऐकू नका. रिकाम्या ट्यूबांत भर दुपारी थंड पाणी कधीच सोडू नका, तडकतात. भरायचं काम पहाटे किंवा ऊन उतरल्यावर. ट्यूब जिथे टाकीत शिरते तिथून पाणी झिरपत असेल तर रबरी रिंग कडक झालेली असते. वरून सिलिकॉन फासून ते थांबत नाही, रिंगच बदलावी लागते.

टाकीवरचा उभा व्हेंट पाइप पाहून ‘यातून पाणी सांडतं’ म्हणत त्याला टोपण ठोकणारे महाभागही आहेत. त्यातूनच वाफ बाहेर जाते आणि टाकी रिकामी होताना हवा आत येते. तो बुजवला तर टाकी फुगते किंवा आत चेपते. पाणी सांडत असेल तर त्याचं टोक थंड पाण्याच्या टाकीतल्या पातळीच्या वर न्या.

पावसाळ्यासाठी टाकीत विजेची कॉइल बसवलेली असेल तर टाकी भरलेली आहे याची खात्री झाल्याशिवाय बटण दाबू नका, कोरडी कॉइल जळते. आणि तिला हात लावायचा तर आधी मेन स्विच बंद.