रणगाड्याचं मॉडेल रंगाच्या आधीच बिघडतं: या चुका टाळा

नवीन माणूस प्लास्टिक किट जोडून केलेलं मॉडेल दाखवायला आणतो तेव्हा तक्रार हमखास रंगाची असते. रंग निघाला, डेकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांखाली) चंदेरी चकाकी आली, वॉश (खाचांत सावली आणणारा पातळ रंग) दिल्यावर डाग पडले. मॉडेल हातात घेऊन उलटंसुलटं केलं की बहुतेक वेळा लक्षात येतं, रंगाच्या बाटलीचा काही दोष नाही. चूक दोन-तीन पायऱ्या आधी झालेली असते, रंगाच्या दिवशी ती फक्त दिसायला लागते. त्यामुळे इथे चुका ज्या क्रमाने घडतात त्याच क्रमाने घेतो.

कापणं आणि घासणं

भाग स्प्रूवरून, म्हणजे ते ज्या प्लास्टिकच्या चौकटीत येतात तिच्यावरून, हाताने पिळून तोडू नका. तोडलेल्या जागी खड्डा पडतो, प्लास्टिक पांढरं पडतं आणि मग पुट्टी भरत बसावं लागतं. निपरने आधी भागापासून थोडं लांब कापायचं, मग जवळ, उरलेला टोचा पात्याने तासायचा आणि शेवटी ४०० ते ६०० नंबरचा पॉलिश पेपर. माझी सवय इतकीच आहे आणि ती पुरते.

१:३५ चं, म्हणजे मॉडेल खऱ्या गाडीपेक्षा पस्तीस पटीने लहान असल्याचं, गणित एकदा मनात बसलं की घासण्याचा कंटाळा जातो. मॉडेलवरची ०.३ मिमीची फट म्हणजे खऱ्या गाडीच्या चिलखतात एक सेंटिमीटरची भेग. तोफेच्या नळीवर राहिलेली जोडरेघ प्राइमरखाली (रंगाआधीच्या अस्तराखाली) लपत नाही, उलट प्राइमरनंतर जास्त उठून दिसते. नळी घासताना एकाच जागी घासलं तर ती चपटी होते, म्हणून बोटांत फिरवत घासायची.

पण घासायचं कुठे नाही, हेही कळायला हवं. सोव्हिएत टी-३४ चा ओतीव टरेट (वरचा फिरता बुरूज) किंवा अमेरिकी एम४ए१ शर्मनचा ओतीव हल (गाडीचं मुख्य अंग) खऱ्या गाडीतच खडबडीत असतो. तो गुळगुळीत करून ठेवलेला पाहिला की हळहळ वाटते, कारण त्यात मेहनत गेलेली असते आणि तीच मेहनत मॉडेल बिघडवते. पोत गेलाच असेल तर त्या भागावर पातळ सिमेंटचा (प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाचा) हात फिरवा आणि प्लास्टिक मऊ असतानाच आखूड, ताठ केसांच्या जुन्या ब्रशने टोचत जा. खडबडीतपणा परत येतो.

सगळे भाग पहिल्याच दिवशी कापून डबीत भरून ठेवू नका. आतलं चाक आणि बाहेरचं चाक दिसायला जवळजवळ सारखं असतं, आणि स्प्रूवरचा नंबर एकदा गेला की गेला.

चाकं जमिनीला टेकत नाहीत

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. तिच्याबद्दल कितीही सांगितलं तरी लोक ती करतातच, कारण चाकं हा कंटाळवाणा भाग आहे आणि सगळ्यांचा डोळा टरेटवर असतो. रणगाडा टेबलावर ठेवला की एक कोपरा डुगडुगतो, किंवा मधलं एखादं चाक हवेत लोंबतं. काही टनांची गाडी आहे यावर मग बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही. वर रंगकाम कितीही सुंदर असो.

कारण साधं आहे. सस्पेन्शनचे आर्म (चाकं धरणारे दांडे) एकेक करून लावले जातात आणि प्रत्येक आर्मच्या खोबणीत थोडी ढील असते. पातळ सिमेंट लगेच पकड घेतं, म्हणून एक आर्म केसभर वर आणि पुढचा केसभर खाली तसाच पक्का होतो. टी-३४ ला एका बाजूला पाच चाकं, तिथे एखादवेळी निभावतं. टायगर किंवा पँथर या जर्मन रणगाड्यांना एका बाजूला आठ आर्म आणि त्यावर एकमेकांत गुंतलेली चाकं. तिथे एक आर्म चुकला की शेजारची चाकं एकमेकांना घासतात आणि बाहेरची रांग नागमोडी होते.

त्याहून आधीची चूक म्हणजे हलच वाकडा असणं. खालचा हल चार-पाच सपाट तुकड्यांचा असेल तर आर्म लावण्याआधी तो काचेवर ठेवून पाहा. वरचा हल न चिकटवता नुसता बसवून, मास्किंग टेपने बांधून खालचा वाळू द्या, म्हणजे काटकोन धरला जातो.

आर्मसाठी मी पातळ सिमेंट वापरतच नाही. घट्ट, सावकाश वाळणारं सिमेंट घेतो. एका बाजूचे सगळे आर्म एकाच बैठकीत लावतो आणि आसांच्या टोकांवर स्टीलची पट्टी टेकवून बघतो. जो आर्म पट्टीपासून सुटलेला दिसेल त्याला चिमट्याने हलकं सरकवायचं. मग चाकं नुसती अडकवून गाडी काचेवर ठेवायची, वर थोडं वजन ठेवायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. घाई असलेल्या माणसाला ही रात्र फार जड जाते. तो सुपरग्लू लावून मोकळा होतो आणि नंतर सरळ करायला जागाच राहत नाही.

आर्म वाळून पक्के झाल्यावर चूक लक्षात आली तर गरम पाणी वगैरे उपायांच्या नादी लागू नका. आर्म मुळाशी पातळ करवतीने कापा, टोक साफ करा आणि पुन्हा लावा. चाकाच्या मागे तो जोड कोणाला दिसत नाही.

रात्रीत तुटलेले आर्म

माझ्या एका मित्राने टायगर मन लावून जोडला होता. रंग झाला, डेकल झाले, शेवटचा काळपट वॉश खालच्या हलवर त्याने भरपूर ओतला, कारण चिखलाच्या भागाला काय बघायचं, असा त्याचा हिशेब. सकाळी पाहतो तर एका बाजूचे तीन आर्म मुळाशी तुटलेले आणि चाकं कलंडलेली. किटचं प्लास्टिकच सदोष आहे असं त्याचं ठाम मत झालं होतं. तो उरलेलं किट परत करायच्या बेतात होता.

प्लास्टिक ठीक होतं. आर्मच्या खुंट्या खोबणीत घट्ट जात होत्या म्हणून त्याने त्या पक्कडीने दाबून बसवल्या होत्या. अशा भागात कायमचा ताण राहतो. शिवाय त्याने चाकं लावल्यावर प्राइमर मारला, त्यामुळे चाकांच्या मागे रंग पोचलाच नव्हता, प्लास्टिक उघडंच राहिलं. एनॅमल (तेलकट रंगाच्या) वॉशमधलं व्हाइट स्पिरिट नेमकं तिथे साचलं. ताण असलेल्या उघड्या पॉलिस्टायरीनमध्ये (किटच्या प्लास्टिकमध्ये) असं द्रावण मुरलं की ते ठिसूळ होतं आणि चिरतं. लायटरमध्ये भरायच्या इंधनाने वॉश पातळ करणाऱ्यांच्याही वाट्याला हेच येतं.

आम्ही तुटलेल्या जागी दोन्हीकडे बारीक भोकं पाडली, पितळी तारेचे तुकडे घातले आणि सुपरग्लूने आर्म परत उभे केले. मॉडेल वाचलं, पण इतक्या गुंतलेल्या चाकांमागे ड्रिल फिरवणं हे कोणाच्या नशिबी येऊ नये असं काम आहे.

तेव्हा खुंटी बोटाच्या जोरानेच आत गेली पाहिजे. जात नसेल तर ती तासा. आर्म आणि हलच्या बाजूंना चाकं लावण्याआधी प्राइमर आणि रंग द्या. आणि वॉश ओतायचा नसतो. बारीक ब्रशने तो रेघेच्या टोकाला टेकवायचा, तो आपोआप धावतो, जास्तीचा कोरड्या ब्रशने टिपून घ्यायचा.

रंगवलेली चाकं नंतर चिकटवताना आसाच्या टोकावरचा आणि चाकाच्या भोकातला रंग खरवडून काढा. सिमेंट प्लास्टिक विरघळवून जोडतं, रंगावर लावलं तर फक्त रंग चिकटतो आणि चाक पुढे कधीतरी गळून पडतं. फोटोएच पितळेला (रसायनाने कोरलेल्या पातळ पत्र्याच्या भागांना) आणि रेझिनला ते सिमेंट अजिबात धरत नाही, तिथे सुपरग्लूच हवा. पहिल्याच किटला फोटोएचचा मोठा संच घेऊ नका. आधी एक रणगाडा साधा, सरळ, चारही कोपरे टेकलेला करून दाखवा.

रंग

इथे भराभर सांगतो, कारण वरचं नीट झालं असेल तर रंग फारसा त्रास देत नाही.

प्राइमरच्या आधी मॉडेल कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या साबणाने धुवा. साच्यातलं तेल आणि बोटांचा तेलकटपणा हीच रंग टेपबरोबर उचलला जाण्याची नेहमीची कारणं. एअरब्रशसाठी रंग दुधाइतका पातळ करा. पृष्ठभाग खरखरीत, पावडरीसारखा आला तर रंग हवेतच वाळतोय: जवळ या, दाब कमी करा, थोडं थिनर वाढवा. हवेत दमटपणा असताना लॅकर (झटपट वाळणारा, उग्र वासाचा रंग) किंवा मॅट वार्निशचा स्प्रे मारला की पांढुरकी साय धरते. मॅटवर आलेली साय बऱ्याचदा ग्लॉस वार्निशचा एक हात दिल्यावर निघून जाते. ब्रशने रंगवणाऱ्यांनी पातळ रंगाचे दोन-तीन हात द्यावेत आणि मधे पूर्ण वाळू द्यावं. एनॅमलवर लॅकर मारू नका, खालचा थर सुरकुततो. एनॅमल रंगावर थेट एनॅमल वॉशही नको, थिनर खालचा रंग उचलतो. आणि लॅकर बंद खोलीत मारताना नुसत्या कापडी मास्कवर विसंबू नका. वाफ शोषणारा रेस्पिरेटर लागतोच.

रंग निवडतानाची एक चूक मात्र सतत दिसते: राखाडी पँथर. जर्मन वाहनांचा मूळ रंग फेब्रुवारी १९४३ मध्ये गडद राखाडीवरून गडद पिवळा झाला आणि पँथर पहिल्यांदा लढाईत उतरला तो जुलै १९४३ मध्ये, रशियातल्या कुर्स्कच्या लढाईत. डब्यात डेकल कोणत्या वर्षाचे आणि कोणत्या तुकडीचे आहेत ते आधी वाचा, मग बाटली उघडा. झिमेरिटचंही (चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून जर्मन रणगाड्यांवर दिलेल्या लेपाचंही) तसंच. तो लेप कारखान्यात १९४३ च्या उत्तरार्धापासून सप्टेंबर १९४४ पर्यंत लावत होते. १९४२ च्या टायगरवर तो लावलेला दिसला की सगळ्या कष्टांवर पाणी.

डेकलखालची चांदी

मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. त्यावर डेकल ठेवलं की खाली हवा अडकते आणि कडेने चकाकते. उपाय आधीच करायचा: ग्लॉस वार्निशचा हात, तो पूर्ण वाळल्यावर डेकल, त्यावर डेकल मऊ करणारं द्रावण, सगळ्यात शेवटी मॅट. द्रावण लावल्यावर डेकल सुरकुततं आणि नवखा माणूस घाबरून ते बोटाने सारखं करायला जातो. तिथेच ते फाटतं. हात लावू नका, वाळताना ते स्वतः ताणून बसतं. चांदी आलीच असेल तर बारीक सुईने त्या जागी टोचा आणि द्रावण पुन्हा द्या, एका वेळी जमलं नाही तर परत.

गंज, गंज आणि गंज

वेदरिंगबद्दल (मॉडेल वापरलेलं, जुनं दाखवण्याबद्दल) माझं मत ठाम आहे: बहुतेक मॉडेल्स गरजेपेक्षा दुप्पट जुनी दिसतात. दहा मिनिटांच्या व्हिडिओत कोणीतरी स्पंजने पूर्ण रणगाड्यावर तपकिरी ठिपके उठवतो, ते कॅमेऱ्यात छान दिसतं आणि मग प्रत्येक नवीन मॉडेलला तोच आजार जडतो. पुन्हा गणित करा. मॉडेलवरचा १ मिमीचा ठिपका म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटरचा पोपडा. असे शेकडो पोपडे समोरच्या चिलखतावर, जिथे कोणी चढत नाही, उतरत नाही, ते कशाने पडले? रंग उडतो तो झाकणांच्या कडांना, चढायच्या पायरीपाशी, अवजारांच्या पकडींजवळ. प्रत्येक ठिपक्याला कारण हवं.

दुसऱ्या महायुद्धातल्या कित्येक गाड्या फार काळ टिकल्याच नाहीत. त्यांच्यावर धूळ, चिखल, तेलाचे ओघळ आणि धुराची काजळी होती. नारिंगी गंज शोभतो तो सायलेन्सरवर, कारण तापून तिथला रंग जळतो. आणि एम११३ या अमेरिकी चिलखती वाहनाच्या हलवर लाल गंज तर कृपा करून नको. त्याचं चिलखत ॲल्युमिनियमचं आहे. रंग उडाला तर खाली फिकट, राखाडी धातू दिसेल.

ट्रॅकलाही हाच विचार लावा. टी-३४ च्या पोलादी ट्रॅकचा जमिनीला लागणारा भाग घासून चकचकीत होतो, तिथे ग्रॅफाइटची पेन्सिल फिरवली की काम होतं. पण शर्मनच्या रबरी पॅडच्या ट्रॅकवर चंदेरी रंग घासण्यात अर्थ नाही, रबर चमकत नाही. तिथे फक्त टोकांचे पोलादी जोड चमकवा. रबर गडद राखाडी रंगवा, काळंकुट्ट नको.

ट्रॅकचा झोल

टी-३४, टायगर, पँथर यांचा वरचा ट्रॅक चाकांच्या डोक्यावर विसावतो. जुन्या किटमधला अखंड व्हायनिलचा ट्रॅक मात्र रबरबँडसारखा ताठ, हवेत उभा राहतो. चाकांच्या माथ्यावर सुपरग्लूचे थेंब टाकून, मध्ये स्पंजचे तुकडे दाबून तो वाळेपर्यंत खाली धरा. झोल एकसारखा नको, दोन चाकांच्या मध्ये थोडा जास्त. शर्मनवर हे करू नका, त्याचा ट्रॅक वरच्या रोलरांवरून बऱ्यापैकी ताणलेला जातो.

मऊ व्हायनिलचा आणखी एक दोष काही वर्षांनी कळतो. त्याला मऊ ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर येतं आणि जिथे ट्रॅक चाकाला टेकतो तिथलं पॉलिस्टायरीन वितळवतं. कपाटातली जुनी मॉडेल्स काढून बघा, चाकांच्या कडांना चिकट खाचा दिसतील. चाकांच्या कडेवर प्राइमर आणि रंगाचा पुरा थर असेल तर संपर्क तुटतो आणि धोका बराच कमी होतो. न जोडलेल्या किटमध्येही व्हायनिलचे ट्रॅक स्प्रूला चिकटून ठेवू नका, डबा आणल्या दिवशीच ते वेगळ्या पिशवीत काढा.