गिरणीच्या शेडमध्ये हेड ऑफिस करायचंय? मग आधी छप्पर नीट बघा

मुंबईत लोअर परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी या पट्ट्यात अजूनही काही जुन्या कापड गिरण्यांच्या शेड उभ्या आहेत. एखाद्या कंपनीने तिथे हेड ऑफिस करायचं ठरवलं की पहिल्याच मीटिंगमध्ये कोणीतरी काचेच्या टॉवरचं चित्र लावतं आणि खाली ‘ग्रीन बिल्डिंग’ असं लिहिलेलं असतं. माझं लहानपण करी रोडला गेलं, आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या विभागात होते, आणि आता मी जुन्या इमारतींचीच कामं करतो म्हणून कळकळीने सांगतो, ती शेड पाडून त्याजागी कितीही चांगली इमारत बांधली तरी पाडण्यात आणि नव्या सिमेंट-स्टीलमध्ये जो कार्बन जातो तो भरून काढायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून पाडायचं नाही इथूनच सुरुवात करा.

नकाशा काढायच्या आधी एक काम करा. त्या गिरणीत काम केलेला एखादा जुना माणूस, जॉबर (कामगारांवरचा मुकादम) असो नाहीतर बॉयलरवाला, त्याला शोधा आणि मानाने बोलावून अख्खी शेड फिरवून आणा. पाणी कुठून शिरायचं, कुठली पन्हळ दरवर्षी तुंबायची, जमिनीखालून हवेचे बोगदे कुठे गेलेत, हे तो उभ्या उभ्या सांगतो. सूत तुटू नये म्हणून खात्यात हवा दमट ठेवायला लागायची, त्यासाठी बऱ्याच गिरण्यांत मोठे पंखे आणि जमिनीखाली हवेचे मार्ग असायचे, ते अजून शाबूत असतील तर साफ करून, तपासून नव्या हवेसाठी वापरता येतात का ते इंजिनिअरला बघायला सांगा.

मग तपासण्या. इथे पैसे वाचवू नका. लाकडी तुळयांना वाळवी आहे का, बिडाच्या खांबांना तडे आहेत का, आरसीसी असेल तर आतलं लोखंड गंजलंय का, हे स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये नीट येऊ द्या. छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते हातोड्याने फोडून काढायचं नाही, ओलं करून, अखंड उतरवून, जाणकार माणसांकडूनच काढून घ्यायचं. रंगखातं, बॉयलर, ट्रान्सफॉर्मर जिथे होते तिथली माती लॅबला पाठवा, रिपोर्ट येईपर्यंत तिथे बागबिग ठरवू नका. आणि हो, दगडी किंवा विटांच्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतील तर वरून सिमेंटचा गिलावा अजिबात नको. आतला ओलावा बाहेर पडायला वाट राहत नाही आणि दोन पावसाळ्यांत पोपडे धरतात, चुन्याचं काम चुन्यानेच करा.

आता छप्पर. माझ्या मते सगळ्यात मोठी ठेव हीच आहे. 1854 मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली तेव्हा वीज नव्हती, त्यामुळे त्या काळच्या गिरण्यांना उजेड आणि हवा इमारतीतूनच मिळवावी लागायची, आणि त्यातूनच करवतीच्या दात्यांसारखं ते छप्पर आलं. दात्याची उभी बाजू उत्तरेला, तिला काच, तिरकी बाजू दक्षिणेला. उत्तरेचा उजेड मऊ येतो, डोळ्यांवर येत नाही, धागा तुटलेला दिसावा म्हणून केलेली सोय आज लॅपटॉपवर काम करणाऱ्यालाही तितकीच उपयोगी पडते. फक्त एक लक्षात ठेवा, मुंबई 19 अक्षांशावर आहे म्हणून मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, जून-जुलैत ढग असतात पण मेमध्ये ऊन आत येतं, तेवढ्यासाठी बाहेरून छोटी झडप द्या. काळे पडदे लावून सगळा उजेड बंद करणारी ऑफिसं मी बघितलीत, जीव तुटतो.

आणि ती दक्षिणेची तिरकी बाजू म्हणजे सोलर पॅनलसाठी तयार जागा. 1 किलोवॉटला साधारण 10 चौरस मीटर धरा, पण आधी कैचीला, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या सांगाड्याला, वजन झेपतंय का ते तपासा, आणि पन्हळ साफ करायला माणूस चालेल एवढी वाट सोडा, नाहीतर पॅनल बसवल्यावर पहिल्याच पावसात आत बादल्या ठेवायची पाळी येते.

पाण्याचा हिशोब स्वतः मांडून बघा. मुंबईत वर्षाला साधारण 2,200 मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. 1,000 चौरस मीटर छप्पर असेल आणि 80 टक्के पाणी हाती लागलं तर साडेसतरा लाख लिटर होतं. 500 माणसांच्या ऑफिसात फ्लशला माणशी 20 लिटर धरले तर दिवसाला 10,000 लिटर, म्हणजे पावसाळ्याचे 100 कामाचे दिवस धरून 10 लाख. एवढं सगळं साठवायची गरज नाही, 1 लाख लिटरची टाकी मधल्या 10 कोरड्या दिवसांना पुरते. बाकीचं एसीच्या कूलिंग टॉवरला द्या, नाहीतर आवारात जुना तलाव शिल्लक असेल तर तिकडे वळवा. इंजिनांच्या पाण्यासाठी गिरण्यांनी तलाव बांधलेले असायचे, काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमधला अजून आहे. कृपा करून ते बुजवून पार्किंग करू नका.

याच पाण्याची दुसरी बाजूही आहे. हा भाग सखल, भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की पाणी उतरायला जागाच नसते, दरवर्षी पाणी तुंबणाऱ्या दादरच्या हिंदमाताला राहणाऱ्यांना विचारा. 26 मे 2025 ला आचार्य अत्रे चौकाच्या नव्याकोऱ्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी शिरलं होतं. म्हणून पॅनल रूम, जनरेटर, सर्व्हर, पंप यातलं काहीही तळघरात ठेवू नका, वर न्या.

आगीबद्दल तर हात जोडून सांगतो. 29 डिसेंबर 2017 ला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटांना आग लागून 14 जणांचा जीव गेला. लाकडी तुळया, माळे, नंतर लावलेलं फॉल्स सीलिंग हे सगळं एकत्र आलं की धोका वाढतो, त्यामुळे दोन वेगळे जिने, कायम मोकळे, आणि गच्चीवर तात्पुरतं म्हणून काहीही झाकायचं नाही, पार्टीसाठी एक दिवसही नाही.

एसीचं थोडक्यात सांगतो. 24 डिग्री ठेवा, वर मोठे पंखे लावा, आणि उंच शेड अख्खी थंड करत बसू नका, माणूस बसतो तेवढीच उंची गार हवी. ग्रीन बिल्डिंगचं रेटिंग ग्रिहाचं घ्या किंवा आयजीबीसीचं (दोन्ही भारतातल्याच रेटिंग पद्धती), पण डिझाईन झाल्यावर कागद जमवण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून त्या रेटिंगचा सल्लागार टेबलावर असू द्या.

पार्किंग कमीत कमी ठेवा. करी रोड, लोअर परळ, परळ, प्रभादेवी ही स्टेशनं आहेत, मेट्रो 3 आहे. मेन गेट स्टेशनच्या बाजूला काढा, सायकलवाल्याला आंघोळीची सोय द्या. आणि आवाराची उंच भिंत जमेल तिथे खाली आणा.

हे शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, बहुतेकांना परत आत जायलाच मिळालं नाही. 1991 च्या नियमात गिरणीच्या जमिनीचे मालक, महापालिका आणि म्हाडा असे तीन वाटे ठरले होते, 2001 मध्ये तो नियम फक्त मोकळ्या जागेपुरता उरला, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं, आणि घरं, मैदानं व्हायची ती फारच थोडी झाली. त्या कामगारांपैकी कित्येकांची मुलं, नातवंडं अजून समोरच्या चाळीत राहतात. कॅन्टीनचं काम जवळच्या बायकांच्या बचत गटाला द्या, खानावळींचा हा भाग आहे, हजारोंचे डबे घालायचा अनुभव इथल्या घराघरात आहे. सिक्युरिटी, मेंटेनन्स, ट्रेनी यांची भरती आधी इथून करा, आणि रविवारी आवारातली झाडाखालची जागा पोरांना खेळायला उघडी ठेवा.

ऑफिस सुरू झालं म्हणजे काम संपलं असं नाही. पहिल्या मेमध्ये दुपारी बाराला आत उभं राहून कुठल्या डेस्कवर ऊन येतं ते खडूने मार्क करा, पहिल्या जोराच्या पावसात स्वतः छपराखाली फिरा, आणि पन्हळ साफ करणाऱ्याचा पगार वार्षिक बजेटमध्ये वेगळा लिहून ठेवा, मेच्या 15 तारखेच्या आत एकदा आणि मग सप्टेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी.