फोनो प्रीअॅम्पची तुलना करताय? आधी या चुका टाळा

दोन फोनो प्रीअॅम्प, म्हणजे टर्नटेबलचा बारीक सिग्नल अॅम्प्लिफायरजोगा मोठा करणारे डबे, शेजारी ठेवायचे, एकेक गाणं ऐकायचं आणि लगेच निकाल द्यायचा, ही घाई बघून आता खरंच कंटाळा आलाय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवाज सारखा न करता तुलना करणं. एका डब्याचा गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवतो ते, 40 डीबी (डेसिबल), दुसऱ्याचा 44, मग दुसरा जोरात वाजणारच, आणि कानाला जोरातलं नेहमीच चांगलं वाटतं. मालवणला माझा भाचा असाच खूश होऊन म्हणाला, "मामा, ह्यो डबो भारी वाजता!" म्हटलं थांब, मल्टीमीटर आण. टेस्ट रेकॉर्डवरचा 1 किलोहर्ट्झचा टोन लावला, मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलला धरला, एकाचा 1 व्होल्ट आला नि दुसऱ्याचा जवळपास 1.6. व्हॉल्यूम कमी करून दोन्ही सारखे केले आणि तीच रेकॉर्ड परत लावली, तर कुठला डबा चालू आहे तेच त्याला ओळखता येईना, आणि महागड्याचे पैसे तो दुकानात देऊनच बसला असता. मी मीटर लावल्याशिवाय मत देतच नाही.

टर्नटेबलमागचा स्विच 'लाइन'वर, म्हणजे आतला प्रीअॅम्प चालू ठेवून बाहेरचा प्रीअॅम्प जोडू नका, आरआयएए करेक्शन (रेकॉर्ड कापताना कमी केलेला बास नि वाढवलेला ट्रेबल परत जागेवर आणणं) दोनदा होतं, बास फुगतो आणि आवाज फाटतो.

एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिज, म्हणजे सुई असलेला भाग, बहुतेक अर्धा मिलिव्होल्ट किंवा त्याहून कमी देते, तिला 60 डीबीच्या आसपास गेन लागतो, एमएमच्या (मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजच्या) 40 डीबीवर जोखू नका.

कपॅसिटन्स बघा, म्हणजे प्रीअॅम्प आणि केबल मिळून कार्ट्रिजवर टाकतात तो विद्युत भार. ऑर्टोफॉन 2एम रेड या कार्ट्रिजला 150 ते 300 पिकोफॅरड चालतात, एटी-व्हीएम95ईला 100 ते 200, आणि यात केबलचाही हिशोब धरायचा, तो कोणीच धरत नाही.

आता हम, म्हणजे स्पीकरमधून येणारी घूं. आपल्याकडे खारा वारा आणि वर चार महिने पाऊस, ग्राउंडच्या स्क्रूवर आणि सिग्नल केबलच्या आरसीए प्लगवर हिरवट थर धरतो, आणि लोक डब्यालाच नावं ठेवून तो परत करायला निघतात. अहो, आधी स्क्रू काढा, ग्राउंड वायरचं टोक पॉलिश पेपरने लख्ख होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, प्लग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मी हे पावसाळा संपला की करतोच, आणि तुलना करायच्या आधी तर हमखास. तरीही हम राहिला तर प्रीअॅम्पचा अडॅप्टर आणि अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर यांच्यापासून डबा हातभर लांब सरकवून बघा. आणि वायर काढण्याआधी अॅम्प्लिफायर बंद, नाहीतर ग्राउंड सुटताक्षणी जो दणका बसतो त्यात स्पीकर जाऊ शकतो.